युटा ९५ : पाणी आणि सराटे

अमेरिकेतल्या युटा राज्यात हायवे ९५ ने हँक्सव्हिल ते ब्लँडिंग सायकलवर एकट्याने जाताना चार लिटर पाणी पुरेल का, असं एकाने विचारलंय. नाही पुरणार, कृपया तेवढ्यावर निघू नका. हा रस्ता साधारण १९५ किमीचा आहे. भरवशाचं पाणी नॅचरल ब्रिजेस या राष्ट्रीय स्मारकाच्या व्हिजिटर सेंटरला, म्हणजे जवळपास १५० किमीनंतर आणि तेही मुख्य रस्त्यापासून सहा-एक किमी आत. त्यातच कोलोरॅडो नदी ओलांडली की तिथपर्यंत बराचसा चढच. वाटेत एक मुक्काम धरून १० ते १२ लिटर घ्या. सगळं एकाच पिशवीत नको, ती फाटली तर संपलंच. वजन सायकलच्या फ्रेममध्ये आणि पुढच्या चाकाच्या फोर्कवर, शक्य तितकं खाली बांधा. नदीचं पाणी गढूळ असतं. आधी भांड्यात रात्रभर निवळू द्या, मग वरचं गाळा, नाहीतर फिल्टर लगेच तुंबतो.

पंक्चरचं म्हणाल तर तिथला मुख्य शत्रू आपला ओळखीचा सराट्याचा काटाच. तंबूच्या जागेपर्यंत सायकल ढकलत नेऊ नका, उचलून न्या. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक रबरात रुतून राहतं, बोटाला लागत नाही आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. ट्यूबलेस टायर असेल तर सीलंट (आतलं भोकं बुजवणारं द्रव) कोरड्या उष्णतेत लवकर सुकतं, निघण्याआधी ताजं भरा आणि छोटी बाटली जवळ ठेवा.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू अजिबात नको, आभाळ निरभ्र असलं तरी. पाऊस लांब वरच्या पठारावर पडतो, लोंढा इथे येतो.