सोलणे, खरवडणे, उचकटणे, उखडणे

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. माडीवरच्या खोलीत वडील गाणं शिकवतात. आवाज फार घुमतो, म्हणून तिथे कार्पेट बसवायचं ठरलं. खाली वीसेक वर्षांपूर्वी चिकटवलेली लिनोलियमची शीट होती, ती आधी काढायला हवी होती. मी कारागिराला गुजरातीत सांगितलं, "आ बधुं उखेडी नाखजो" आणि कामाला निघून गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर लिनोलियमबरोबर खालच्या रंगीत सिमेंटच्या अकरा लाद्याही निघालेल्या. पणजोबांच्या वेळच्या लाद्या. त्याने ऐकलं तेच केलं. लादी 'उखेडतात'च.

तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. घरी मराठीत बोलतानाही आम्ही 'उखेडणे'च म्हणतो. वरचा थर निघावा आणि खालची जमीन शाबूत राहावी, यासाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद १

ताई, एक शब्द नाही, तीन लागतील, कारण कामं तीन आहेत.

सालीसारखा सलग थर निघतो ते सोलणे. लिनोलियम सोलायचं. कडेला अडकलं असेल तिथे पटाशी घालून उचकटायचं. उचकटणे म्हणजे घट्ट बसलेल्या दोन गोष्टींच्या फटीत काहीतरी घालून जोराने त्या वेगळ्या करणे. आपण कुलूप उचकटतो, पेटीचं झाकण उचकटतो. आणि मागे राहिलेला गोंद खरवडायचा. दुधाच्या पातेल्याच्या तळाला धरते ती खरवड आठवा. खरवड काढताना पातेल्याला कोणी धक्का लावत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं होतं.

'खरडणे' मात्र नको, त्याने लादीवर ओरखडे उठतील.

उखडणे म्हणजे रुतलेली, बसवलेली वस्तू तिच्या जागेवरूनच सुटणे किंवा सोडवणे. रस्ता उखडतो, खुंटा उखडतो. माणूस उखडतो तेव्हाही तो जागेवरून सुटलेलाच असतो. लादीला तो शब्द अगदी लागू पडला, हे खरंच वाईट झालं.

प्रतिसाद २ (इंदूरहून)

आमच्याकडे सर्रास 'उखाडणे' चालतं, हिंदीच्या सवयीने. 'प्लास्टर उखाडून टाक', 'पोस्टर उखाडून टाक', दोन्ही एकाच शब्दात. तुमचं वाचल्यावर कळलं की यात काय हरवतं.

थोडं विषयाला सोडून, पण राहवत नाही. फरशी हा शब्द अरबी 'फर्श'वरून आलाय आणि फर्श म्हणजे मुळात पसरलेलं, अंथरलेलं. गालिचे-तंबू सांभाळणारा तो फरास, आणि त्याचं कोठार तो फरासखाना. म्हणजे तुमच्या खोलीतली दगडासारखी फरशी आणि तिच्यावर येणारं कार्पेट शब्दाच्या घरात एकाच कुळातले.

आणि गालिचा आपण अंथरतो, कार्पेट बसवतो. गालिचा सणाला काढला, झटकला, गुंडाळून ठेवला. कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत कापून बसतं आणि तिथेच राहतं. म्हणून मी कार्पेटला गालिचा म्हणणार नाही, मराठी शब्दाचा कितीही आग्रह असला तरी.

प्रतिसाद ३

मी घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून कामाचं सांगतो. आधी कटरने वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापा, हेअर ड्रायरने एक टोक गरम करा, मग सोला. पट्ट्या न कापता ओढलं की शीट फाटते आणि पाठीचा थर खालीच चिकटून राहतो. पाण्यात विरघळणारा गोंद असेल तर गरम पाण्याचं फडकं टाकून ठेवलं की मऊ होतो आणि रुंद पात्याने खरवडता येतो. रबरी असेल (कारागीर त्याला 'सोल्यूशन' म्हणतात) तर पाणी काही करत नाही. गाठी ठेवू नका, त्या कार्पेटमधून पायाला लागतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. फार जुने, विशेषतः नऊ इंची चौकोनी तुकडे असतील, किंवा खालचा गोंद डांबरासारखा काळा असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. मशीन लावून घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते. आधी तपासून घ्या.

बाकी तुमचं ते खरंच लिनोलियम आहे का? खरं लिनोलियम जवसाच्या तेलाचं. लॅटिन 'लिनम' म्हणजे जवसाचं झाड, 'ओलियम' म्हणजे तेल. इंग्लंडात १८६० च्या दशकात निघालं. वीस वर्षांपूर्वीचं बहुतेक पीव्हीसीच, म्हणजे प्लास्टिकच असणार.

मूळ प्रश्नकर्ती

पीव्हीसीच निघालं, मागे छापलेलं आहे. गोंद पिवळट आहे, काळा नाही.

अर्धी खोली अजून बाकी आहे. उद्या कारागिराला 'उखेडजो' म्हणणार नाही. गुजरातीत 'उपरनुं पड छोलवुं' (वरचा थर सोलणे) म्हणावं की आणखी काही, ते शेजारच्या काकींना विचारते, आणि पहिली पट्टी मी स्वतः त्याच्यासमोर सोलून दाखवते. निघालेल्या अकरांपैकी आठ लाद्या धड आहेत. त्या पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून वडिलांच्या तंबोऱ्याशेजारी ठेवल्यात. कार्पेटआधी त्या जागच्या जागी बसवून घेणार आहे.