रोज चालणारी १९६८ ची फियाट ‘मूळ स्वरूप’ गटात उतरवावी का?

बागाईतदार_वरूड यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्या वडिलांनी १९६८ साली नवी घेतलेली फियाट ११०० डिलाइट आजही आमच्याकडे आहे आणि ती अंगणात झाकून ठेवलेली नसून चालती आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा मी ती वावरापासून वरूडच्या बाजारापर्यंत नेतो. संत्र्याच्या हंगामात व्यापाऱ्यांना बाग दाखवायची असली की तीच काढतो आणि घरातल्या लग्नकार्यालाही तीच जाते. येत्या हिवाळ्यात नागपूरला जुन्या गाड्यांचा एक मेळावा आहे. त्यात मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट ठेवला असून परीक्षक गाडीचा भाग न् भाग तपासून गुण देणार आहेत. त्या गटात नाव द्यावे अशी माझ्या आईची फार इच्छा आहे, कारण ही गाडी घरी आली त्या दिवशी तिची पूजा आईनेच केली होती.

गाडीची स्थिती जशी आहे तशी सांगतो. इंजिन आणि चेसिस यांचे क्रमांक आर. सी. पुस्तकाशी जुळतात. मागच्या सीटचे रेक्झिन कारखान्यातून आलेलेच आहे, पुढची सलग सीट मात्र १९९० च्या सुमारास पुन्हा शिवून घेतली. डाव्या पुढच्या मडगार्डाला एकदा बैलबंडीची धुरी लागली, तेव्हा तेवढा भाग ठोकून रंगवला आणि त्याची छटा आता उरलेल्या गाडीपेक्षा थोडी गडद दिसते. वीज तयार करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवला आहे, कारण रात्री गावाकडे परतताना हेडलाइट मंद पडत असे. टायर रेडियल आहेत. बाकी स्टिअरिंगवरचा गियर, डॅशबोर्डावरचा आडवा स्पीडोमीटर, काचा, कुलपे, जॅक आणि पान्यांची कापडी पिशवीसुद्धा मूळचीच आहे.

अमरावतीच्या एका पेंटरने पूर्ण गाडी खरवडून नव्याने रंगवण्याचा सल्ला दिला आहे. त्याच्या मते अशा फिकट रंगाची गाडी घेऊन गेलो तर परीक्षक ढुंकूनही पाहणार नाहीत. दुसरीकडे एका परिचितांनी असे सांगितले की, रोज चालवलेली गाडी अशा गटात बसतच नाही, तेव्हा आतापासून ती उभी करून ठेवावी. रंग द्यावा का, गाडी चालवणे थांबवावे का आणि बदललेल्या वस्तूंचे काय करावे, या तिन्ही गोष्टींबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनी_चाके_वर्धा यांचे उत्तर

भाऊ, सर्वांत आधी पेंटरला नकार कळवा. तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे १९६८ चा रंग अजून अंगावर असलेली गाडी, आणि नेमकी तीच गोष्ट तुम्ही पैसे देऊन पुसून टाकायला निघाला आहात. अशा मेळाव्यांत परीक्षकांच्या मदतीला मी काही वर्षे उभा राहिलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो की, ‘मूळ’ आणि ‘नव्यासारखी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्याने केलेल्या गाड्यांसाठी जीर्णोद्धाराचा गट असतो. तिथे तुमची गाडी लाखो रुपये खर्चून केलेल्या गाड्यांच्या शेजारी उभी राहील आणि मागे पडेल. मूळ स्वरूपाच्या गटात मात्र फिकट रंग, विटलेले निकेल आणि हाताने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग हे दोष धरले जात नाहीत. तिथे गुण कापले जातात ते बदलल्याबद्दल, झिजल्याबद्दल नव्हे. बाहेरही हाच विचार आहे. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका या संस्थेत जीर्णोद्धार केलेल्या गाड्या ४०० गुणांच्या पद्धतीने तपासल्या जातात, पण मूळ अंगे टिकवलेल्या गाड्यांसाठी वर्ग निराळा आहे आणि चालवण्यासाठी ठेवलेल्या गाड्यांसाठी आणखी निराळा.

गाडी चालवण्याबद्दल तुमच्या परिचितांनी जे सांगितले, त्याचे मूळ बहुधा फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत असावे. १९६६ साली स्थापन झालेल्या या महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे असावे, इतिहासाशी सुसंगत स्थितीत जपलेले असावे आणि रोजच्या ये-जा करण्याचे साधन नसावे. म्हणून प्रवेशअर्जात तुमच्या मेळाव्याने ही अट जशीच्या तशी घेतली आहे का, ते आधी वाचून घ्या. मात्र या अटीचा अर्थ गाडी हलवूच नये असा कोणी करत असेल, तर तो चुकीचा आहे. याच महासंघाच्या, जुन्या वाहनांच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या ट्युरिन सनदेत गाडी चालती ठेवणे हा तिच्या जतनाचाच भाग मानला आहे. चार महिने उभ्या राहिलेल्या फियाटचे ब्रेक सिलिंडर चिकटतात, कार्बोरेटरच्या आत पेट्रोलचा चिकट थर बसतो, क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरून बसते. मेळाव्याच्या आदल्या दिवशी अशी गाडी ढकलून सुरू करण्यापेक्षा ती बाजाराला जात राहिलेली बरी.

आता एक गोष्ट जरा विस्ताराने लिहितो, कारण तिच्यात अनेकांचे गुण नाहक जातात. परीक्षक जर इटालियन फियाटची परदेशी पुस्तके वाचून आलेले असतील, तर त्यांना तुमच्या गाडीत काही गोष्टी ‘चुकीच्या’ वाटतील. इटलीत, तुमची डिलाइट ज्यावरून बनली त्या ११०० डी या मॉडेलला १२२१ सी. सी. चे इंजिन होते. आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेल्या डिलाइटमध्ये १०८९ सी. सी. चेच इंजिन राहिले आणि तेच पुढे १९७४ नंतर पद्मिनी या नावाखालीही चालू राहिले. विजेच्या सामानापासून टायरपर्यंत कितीतरी सुटे भाग भारतीय कंपन्यांचे असत. तुमच्या गाडीवर एखाद्या भारतीय कंपनीचे नाव कोरलेला भाग आढळला, तर तो बदललेला नसून मूळचाच असण्याची शक्यता अधिक आहे. या गाडीची मोजपट्टी कुर्ल्याची आहे, फियाटच्या इटलीतल्या मूळ गावाची, ट्युरिनची नव्हे, हे परीक्षकांना नम्रपणे पण ठामपणे सांगता यावे यासाठी गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका घरात कुठे असेल तर शोधून काढा. तिच्यातले एक पान तुमच्या दहा वाक्यांचे काम करील.

मडगार्ड आहे तसे राहू द्या. छटा जुळवण्यासाठी आजच्या पद्धतीचा चकचकीत रंग तेवढ्याच भागावर मारला, तर तो भाग आणखी उठून दिसेल आणि जुळवाजुळवीच्या नादात शेजारचे दारही रंगवावे लागेल. परीक्षक रंग कसा ओळखतात, तेही सांगतो. ते बोनेटवरून हात फिरवत बसत नाहीत. दार उघडून काचेच्या रबराची कड नखाने किंचित उचलतात आणि रबराखाली गेलेला नव्या रंगाचा फवारा पाहतात. काही जणांकडे रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र असते आणि दुसरा थर चढलेला असला की आकडा लगेच वाढतो. म्हणून काही लपवू नका. एका कागदावर काय बदलले, कोणत्या सुमारास बदलले आणि का बदलले, हे लिहून तो कागद आर. सी. पुस्तकासोबत ठेवा. बंडीची धुरी लागल्याची हकिकतसुद्धा त्यात लिहा. तो या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे.

गॅरेजवाला_हिंगणघाट यांचे उत्तर

वर्ध्याच्या दादांनी जे लिहिले, त्याच्याशी मी सहमत आहे. मी केवळ हाताने करायच्या कामांबद्दल लिहितो, कारण जिनिंगच्या मालकांच्या दोन जुन्या फियाट मी गेली अनेक वर्षे सांभाळतो आहे.

डायनॅमो तुमच्याकडे अजून आहे का, हे तुम्ही लिहिले नाही. असेल तर तो मेळाव्यापुरता परत बसवता येतो, कारण अल्टरनेटर बसवताना बॉडीला काही कापाकापी झालेली नसते, फार तर ब्रॅकेट आणि वायरिंग बदललेले असते. जुन्या डायनॅमोचे कार्बन ब्रश तपासा, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करून घ्या आणि त्याचा कटआउट (बॅटरीतली वीज उलट डायनॅमोत जाऊ न देणारा भाग) जागेवर आहे की कोणी काढून टाकला, तेही पाहा. बरीच वर्षे पडून राहिलेल्या डायनॅमोच्या गाभ्यातले चुंबकत्व क्षीण झालेले असते, त्यामुळे बसवल्यावर तो चार्जच करत नाही आणि लोक त्याला जळका समजून भंगारात देतात. त्याच्या फील्डला (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला) बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन तो जागा करावा लागतो. हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि किमान पंधरा दिवस आधी करा, म्हणजे बाजाराच्या फेऱ्यांत त्याची परीक्षा होईल.

टायरबाबत माझे मत थोडे कठोर आहे. या गाडीला मुळात ५.२०-१४ मापाचे नायलॉन टायर येत. तेच माप नवे मिळाले तर जरूर लावा, पण केवळ गुणांसाठी कोणाच्या गोदामातले भेगा पडलेले जुने टायर चढवून वरूडहून नागपूरपर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता कापू नका. टायर झिजण्याचीच वस्तू आहे हे परीक्षकही जाणतात आणि तिथे जाणारे चार-दोन गुण जिवापेक्षा मोठे नाहीत.

गाडी धुण्याबद्दल एक कळकळीची सूचना आहे. आपल्या काळ्या मातीत फिरलेल्या गाडीच्या मडगार्डांच्या आत, हेडलाइटच्या मागच्या खाचेत आणि दारांखालच्या पट्टीत माती घट्ट बसलेली असते. वरून ती सुकलेली दिसते, पण आतून पावसाळ्यानंतर महिनाभर ओल धरून राहते आणि तिथूनच पत्रा सडायला लागतो. एका फियाटच्या मडगार्डातून मी सुमारे घमेलेभर माती काढली. ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढली असती तर तिच्यासोबत कारखान्याचा काळा लेपही निघून गेला असता, म्हणून आधी ओल्या फडक्याने ती भिजवली आणि मग बाभळीच्या पातळ चिपेने हळूहळू सोडवली. खाली मूळ रंग जसाच्या तसा होता आणि परीक्षकाने टॉर्च टाकून तोच सर्वांत आधी पाहिला. इंजिनच्या भागातही असेच करा. चेसिस क्रमांकाच्या पट्टीला पितळ चमकवण्याचा लेप मुळीच लावू नका, कारण घासता घासता अक्षरेच पुसट होतात आणि मग ती पट्टी खरी की खोटी अशी शंका घेतली जाते.

पेट्रोलचेही पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतली ओल ओढून घेते. गाडीतल्या फ्युएल पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पण नळ्यांवरच्या जुन्या तारेच्या क्लिपा सांभाळून परत लावा. सुरक्षेसाठी केलेला असा बदल कागदावर लिहिला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. पेट्रोलची गळती असलेली गाडी मात्र मैदानावरच अडवली जाऊ शकते.

नोंदणी_आणि_नियम यांचे उत्तर

एका धोक्याकडे लक्ष वेधतो. मेळाव्यात तुम्हाला कोणीतरी नक्कीच सुचवील की, गाडी ५० वर्षांहून जुनी आहे, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करून घ्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार ही नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुढच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये असे ते नियम आहेत. परंतु अशी नोंदणी झालेली गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती बाहेर काढता येते. याचा अर्थ वरूडचा बाजार आणि व्यापाऱ्यांना बाग दाखवणे, दोन्ही बंद. तुमची सध्याची नोंदणी चालू असेल तर ती साध्या खासगी गाडीप्रमाणे दर ५ वर्षांनी वाढवत राहणेच तुम्हाला योग्य ठरेल. स्पर्धेच्या प्रवेशासाठी व्हिंटेज नोंदणीची अट आहे का, हे आयोजकांना लेखी विचारा. नव्या सुरक्षा नंबरप्लेटबद्दलही शंका असेल, म्हणून लिहितो की, रस्त्यावर कायद्याची प्लेट असू द्या आणि हाताने रंगवलेली जुनी प्लेट मैदानावर गाडीसमोर वेगळी मांडून ठेवा.

बागाईतदार_वरूड

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. पेंटरला आजच फोन करून नकार कळवला. आयोजकांनाही विचारले. त्यांच्या अर्जात ‘केवळ दैनंदिन वाहन म्हणून वापरात नसावी’ असे वाक्य आहे आणि घरी दुसरी गाडी असल्यामुळे आमची फियाट त्यात बसते असे त्यांनी सांगितले. व्हिंटेज नोंदणीची अट नाही.

हिंगणघाटच्या भाऊंचे उत्तर वाचून संध्याकाळी गोदामात गेलो. वडिलांनी डायनॅमो पोत्यात गुंडाळून फवारणीच्या पंपांमागच्या फळीवर ठेवला होता आणि त्याच्याच सोबत कटआउट व जुना पट्टाही बांधून ठेवला होता. पोत्यावर त्यांच्या अक्षरात ‘फियाटचा, फेकू नये’ असे लिहिले आहे. उंदरांनी पोते कुरतडले असले तरी डायनॅमोची पुली हाताने फिरते. मालकाची पुस्तिका अजून सापडलेली नाही, पण वडिलांच्या लोखंडी पेटीची किल्ली आईकडे आहे आणि रविवारी आम्ही ती पेटी उघडणार आहोत. त्याआधी बाभळीची चिप घेऊन मडगार्डांपासून सुरुवात करतो आणि खाली जो रंग निघेल त्याची छायाचित्रे इथे टाकतो.