समुद्राखालचं चित्र फिशटँकसारखं का दिसतंय? (अ‍ॅक्रिलिक, ३ × ४ फूट)

रंगपेटी, परभणी

नमस्कार मंडळी. तारकर्लीच्या डायव्हिंगवरून चित्र चालू आहे. ३ × ४ फुटांचा कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक. पुढं प्रवाळाचा खडक, त्याच्याभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे, मागं निळंशार पाणी, वरून उन्हाचे झोत. रेखाटन चुकलेलं नाही, तरी बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "फिशटँक मस्त काढलाय." काय बिघडतंय तेच कळंना झालंय. संदर्भाला डायव्हिंगवाल्यांनी दिलेला व्हिडिओ आहे.

दुसरं म्हणजे मागच्या पाण्यात निळा वरून खाली गडद करत न्यायचाय, पण नुस्ते पट्टे पडतात. ब्रश परत फिरवेपर्यंत रंग वाळलेला. खोलीत ४० डिग्री आहे, करणार काय.

पुढच्या खेपेला पाण्याखालीच रेखाटन करायचं डोक्यात आहे. सामान काय लागतं? आणि समुद्राच्या तळाशी बसून चक्क रंगवणारेही लोक आहेत म्हणे, ते कसं जमतं?

खोलपाणी, छ. संभाजीनगर

तुम्ही पाणी मागं रंगवलंय. फिशटँकात तसंच असतं: हातभर पाणी, त्यात सगळे मासे सारखेच ठसठशीत, आणि मागच्या काचेला निळा कागद चिकटवलेला. समुद्रात पाणी डोळा आणि माशाच्या मधे असतं. ते मधलं पाणी रंगवायचंय.

हिशोबच मांडतो. मालवणकडे पाण्याखाली साधारण ३ ते ८ मीटर लांबचं दिसतं. ६ मीटर धरा. ६ मीटरवरची वस्तू पाण्यात विरून जाते. मग ३ मीटरवरची निम्मी दिसेल असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो, कारण ही घट सरळ हप्त्यानं होत नाही. दीड मीटरवरच कॉन्ट्रास्ट एक तृतीयांशाच्या किंचित वर उरतो, ३ मीटरवर जेमतेम सातवा हिस्सा. म्हणजे खडकाच्या अगदी पुढच्या कडेला पूर्ण रंग, त्याच्या मागच्या कडेला दोन हिस्से पाण्याचा रंग नि एक हिस्सा खडकाचा, आणि त्यापलीकडचे मासे म्हणजे पाण्यापेक्षा एखादा टोन गडद ठिपके. पट्टे मोजता येतील असे मासे फक्त हाताच्या अंतरावरचे.

लाल रंग तर त्याहून आधी जातो. पहिल्या ५ मीटरांत बहुतेक संपतो, केशरी १० च्या आसपास, पिवळा २० च्या. यात आडवं अंतरही धरायचं असतं, हे बरेच जण विसरतात. खडक ४ मीटर खोल आणि तुमच्यापासून ३ मीटर लांब असेल तर उजेडानं निदान ७ मीटर पाणी कापलेलं असतं. तिथला लाल मासा चॉकलेटी-करडा दिसला पाहिजे. लाल हवाच असेल तर चित्रात टॉर्च दाखवा, आणि तोही जवळच्या वस्तूवर.

व्हिडिओवर विसंबू नका. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स गेलेला लाल ओढून परत आणतो. भिंग वाइड असतं म्हणून खडक लांब पळतो, उलट मास्कमधून डोळ्याला वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाव हिश्शानं जवळ दिसते. आणि माणसाच्या हाताभोवती माशांचं ते मोहोळ असतं ना, ते बहुतेक वेळा पावाच्या तुकड्यांसाठी जमलेलं असतं. खाणं टाकलं नाही तर मासे असे घोळका करून कॅमेऱ्याकडे तोंड करत नाहीत.

आता उन्हाचे झोत. मोठ्या विहिरीत बुडी मारून वर बघितलं की आभाळ एका गोल झाकणासारखं दिसतं. समुद्रातही तेच. बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या शंकूत मावतं. ३ मीटर खोलीवरून या उजळ गोलाचा व्यास पावणेसात मीटरच्या आसपास भरतो. गोलाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा, त्यात तळाचं प्रतिबिंब, म्हणून तो अंधारा. तुमच्या चित्रात वरची सगळी पट्टी सारखीच उजळ असणार, बघा. झोत सूर्याच्या ठिकाणाहून पंख्यासारखे पसरतात, खिडकीच्या गजांसारखे समांतर उतरत नाहीत.

सावल्याही तपासा. पाण्यात शिरताना किरण वाकतो आणि उभ्या रेषेपासून ४९ अंशांच्या पुढं कलत नाही. सूर्य मावळतीला टेकला तरी सपाट तळावर १ मीटर उंचीच्या खडकाची सावली सव्वा मीटरच्या आतच राहते. जमिनीवरच्या संध्याकाळसारख्या लांबलचक सावल्या तिथं नसतात. वाळूवरची उन्हाची जाळी उथळ पाण्यातच रेखीव असते, खाली जाल तशी ती पसरट होत विरते.

आणि मालवणचं पाणी निळंशार नसतं हो. त्यातलं प्लवक आणि गाळ निळा उजेड खातात, मागं उरतो हिरवा. निळंशार अंदमानला.

कुंचला, लातूर

वरच्या उत्तराला धरून रंगाचं सांगते.

आधी "पाण्याचा रंग" एकाच वेळी भरपूर कालवून घ्या. ३ × ४ फुटाला ३०० मिली तरी हवा, कारण संपल्यावर पुन्हा तोच रंग जुळत नाही. मालवणी हिरव्यासाठी सुरुवात अशी: १०० मिली टायटॅनियम व्हाइट, चमचाभर येलो ऑकर, दोन हरभऱ्यांएवढा अल्ट्रामरीन आणि एका हरभऱ्याएवढा थॅलो ग्रीन. थॅलो हा रंग भयंकर जोरकस असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा वाढवत न्या. एकदम पिळलात तर तो मारायला पांढऱ्याची अख्खी बाटली जाते आणि वर खडूसारखा फिका रंग पदरात पडतो. अंदमानचं पाणी हवं असेल तर ऑकर काढा आणि थॅलो ग्रीनऐवजी थॅलो ब्लू घ्या. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर एक टोन गडद होतो, तेव्हा कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघितल्याशिवाय कॅनव्हासला लावू नका.

मग प्रत्येक अंतरासाठी वेगळी वाटी. खडकाचा रंग तीन भाग नि पाण्याचा एक, दुसऱ्या वाटीत एकास दोन, तिसरीत एकास सहा. सगळ्यात लांबचं आधी रंगवायचं, पुढं पुढं यायचं. आधी खडक रंगवून वरून निळं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, फिरवणं हा शॉर्टकट आहे. गडद जागा त्यानं गडदच राहतात, आणि पाण्यात तर लांबचं काळं आधी उजळ व्हायला पाहिजे. पारदर्शक ग्लेझ उजळवत नाही, त्यात थोडा पांढरा मिसळावाच लागतो.

पट्ट्यांचं कारण ऊन आणि कोरडी हवा. एप्रिल-मेमध्ये पार्श्वभूमीचं काम पहाटे ५ ते ८ मध्ये उरका. कूलर लावायचा तर तोंड भिंतीकडे. दमटपणा हवाय, झोत नकोय. कॅनव्हासच्या मागून स्प्रेनं हलकं पाणी मारा, तेवढ्यानं काही मिनिटं जास्त मिळतात. रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून मिसळायचं द्रव्य) रंगाच्या १० टक्क्यांवर नेऊ नका. जास्त झाला की थर दिवसेंदिवस चिकट राहतो आणि आपल्याकडची धूळ त्यात बसते ती बसतेच. ताटात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. सुती कापड झाकलं की दुपारपर्यंत मऊ राहतो. छटा उतरवायला ३ इंची मऊ ब्रश, आडवे हात, आणि दर दोन-तीन हातांनंतर ब्रश कोरड्या फडक्याला पुसायचा. थर अर्धवट वाळायला लागला की हात काढून घ्या. तेव्हाच ब्रश फिरवला की खालचं सोलून निघतं.

बोअरचं पाणी मिसळू नका. पातळ थरात क्षार वर येतात आणि गडद निळ्यावर पांढुरकी साय दिसते. आरओचा जार घ्या. आणि निम्म्याहून जास्त पाणी घालायचं असेल तर पाण्याऐवजी मिडियम (अ‍ॅक्रिलिकचा बिनरंगी चिकटा) घाला, नाहीतर रंगाला धरून ठेवायला तो पुरत नाही.

अजिंठ्याच्या चित्रकारांकडे लाजवर्द या दगडाचा निळा होता, तो दुरून यायचा, म्हणून मोजक्या जागी वापरलाय. आपल्याला ट्यूब जवळच्या दुकानात मिळते म्हणून आपण ओततो. तुमच्या चित्रात निळा निम्म्यानं कमी करून बघा.

रंगपेटी

लई आभार दोघांचेही. पांढरा मिसळून लांबचा खडक उजळ करायचा, हे डोक्यातच आलं नव्हतं. एकास सहाची वाटी आजच कालवतो. रेखाटनाचं कोणी सांगता का? प्लायवर कागद लॅमिनेट करून चालेल?

स्लेटपेन्सिल

लॅमिनेशन कडेनं पाणी पितं, आणि प्लाय तरंगतो. ४० × ५० सेंमी, १२ मिमी जाडीचा प्लाय म्हणजे २.४ लिटर. तो पाण्याखाली जवळजवळ किलोभर जोरानं वर ओढतो. तो धरून ठेवणार की चित्र काढणार?

ए५ आकाराची, ३ मिमी जाडीची पांढरी भरीव पीव्हीसी शीट घ्या. सनबोर्ड नको, त्यात हवा असते, तो तरंगतो आणि खाली दबतो. शीट ३२० नंबरच्या वॉटर पेपरनं गोल गोल घासा, चकाकी गेली की पेन्सिल धरते. लाकडी पेन्सिलचा डिंक सुटून दोन फाका होतात, त्यामुळं अख्ख्या ग्रॅफाइटची कांडी बरी, २बी किंवा ४बी. क्लचच्या पेन्सिलीची स्प्रिंग खाऱ्या पाण्यात गंजते. कांडी हातभर दोरीनं स्लेटला बांधा आणि स्लेट क्लिपनं जॅकेटला. मेणाचे खडूही घासलेल्या शीटवर उठतात. वर आल्यावर फोटो काढून ठेवा, मग भांडी घासायच्या पावडरीनं पुसून शीट परत कोरी.

रंगाची नोंद घ्यायची एक युक्ती. शीटच्या कडेला १२ रंगांचे चौकोन रंगवून त्यांना नंबर द्या, वर पारदर्शक टेप. खाली ते चौकोन प्रवाळाशेजारी धरून नंबर जुळवलात तर प्रवाळाचा मूळ रंग मिळतो, कारण दोघांवर उजेड तोच पडतो. तो डोळ्याला कसा दिसला ही वेगळी नोंद, ती शब्दांत लिहायची: "७ नंबर, दिसतो शेणकट". कोरी पांढरी जागा जशी दिसते तो तिथल्या उजेडाचा रंग, तोही लिहा. शेजारी खोली, वेळ आणि किती लांबचं दिसतं ते. एवढ्यावर घरी अख्खा कॅनव्हास उभा राहतो.

आता खरी अट. पर्यटकांच्या पहिल्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून असतो, तिथं रेखाटन विसरा. ओपन वॉटर कोर्स लागतो: साधारण ३-४ दिवस, समुद्रात ४ डाइव्ह, त्याआधी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं. १८ मीटरपर्यंतची परवानगी मिळते. त्यानंतरही पाण्यात एका जागी स्थिर राहणं जमेपर्यंत स्लेट बाहेरच ठेवा. तोल गेला की हात प्रवाळावर जातो. तलावात दीड मीटर पाण्यात मास्क-स्नॉर्कल लावून सराव होतो, विहिरीत एकट्यानं नको.

हवेचा हिशोब: १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेला म्हणजे २४०० लिटर. ५० बार राखीव ठेवले तर हाती १८००. नवख्याला पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर लागत असतील तर १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ५०. म्हणजे ३६ मिनिटं, त्यातच उतरणं-चढणंही आलं. १०-१० मिनिटांची दोन रेखाटनं, बास.

एक गोष्ट चित्रकारांनाच सांगावी लागते. बारीक रेघ ओढताना आपण नकळत श्वास रोखतो. स्कूबात ते धोक्याचं आहे. छाती भरलेली असली की शरीर वर उचललं जातं, आणि रोखलेल्या श्वासानं एक-दीड मीटर वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. रेघ तुटली तर तुटू द्या, श्वास चालू ठेवा.

खोलपाणी

तळाशी बसून रंगवण्याबद्दल. ऑस्ट्रियाचा रान्सोनेत १८६० च्या दशकात सिलोनच्या किनाऱ्याला डायव्हिंग बेलमध्ये, म्हणजे पाण्यात उतरवलेल्या, आत हवा असलेल्या घंटेसारख्या पेटीत बसून रेखाटनं करायचा. झार प्रिचर्ड, जन्म १८६६ चा आणि तोही मद्रासचा, हेल्मेट घालून ताहितीच्या समुद्रात उतरायचा आणि तेल पाजलेल्या चामड्यावर रंगवायचा. फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोच्या टोळीतला आंद्रे लाबान तैलरंगात काम करायचा. तैलरंग पाण्यात विरघळत नाही म्हणून हे जमतं, अ‍ॅक्रिलिक तिथंच धुऊन जाईल. चाकूनं लावायचा, बोर्डला वजन बांधायचं. पण खाली बसून लाल म्हणून जे लावाल ते वर आल्यावर भलतंच निघतं, कारण ट्यूबमधला रंगही तिथल्याच उजेडात बघताय. शिवाय कॅडमियम-कोबाल्टचे कण समुद्रात सोडणं मला पटत नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

त्यावरून आठवलं, पोतासाठी म्हणून मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही पिशवीत टाकू नका. प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पोत हवा तर मोल्डिंग पेस्टमध्ये (कॅनव्हासवर उठाव द्यायचा घट्ट लगदा) बारीक वाळू कालवा.

कुंचला, लातूर

परतीचा रस्ताही बघून ठेवा. आपल्याकडचे लोक सकाळी डाइव्ह करून दुपारी गाडी घाटाला लावतात. डाइव्हमध्ये अंगात मुरलेल्या वायूचे उंचावर बुडबुडे होऊ शकतात. आंबोली ६९० मीटरवर आहे, आणि ६०० मीटरच्या वर जायला डाइव्हनंतर विमानात बसायचाच नियम धरतात: एका डाइव्हनंतर १२ तास, दोन-तीन झाल्या असतील तर १८. एक मुक्काम वाढवा, रेखाटनं तेवढ्यात पक्की होतील.

रंगपेटी

शेवटचं विचारतो, चष्मा आहे, उणे साडेतीन. मास्कच्या आत मावणार नाही ना?

स्लेटपेन्सिल

नाही, काडी मधे आली की पाणी शिरतं. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं. पाण्यात वस्तू मोठी दिसते म्हणून उणे तीननंही बऱ्याच जणांचं भागतं. पण तुम्हाला स्लेटवरची रेघ बघायचीय, तेव्हा किनाऱ्यावर दोन्ही लावून हाताच्या अंतरावर कोणती स्पष्ट दिसते ते बघा आणि मग घ्या. चाळिशी लागली असेल तर कमी नंबरचीच बरी पडेल.