रिटायर झाल्यापासून दिवस हातात राहत नाही. कुणाला अनुभव आहे का?

भांडुपचा_अकाउंटंट

नमस्कार. मार्चअखेर रिटायर झालो. फोर्टात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला चौतीस वर्षं. भांडुपहून आठ अकराची स्लो, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. चौघांचा ग्रुप. पेपरातलं शब्दकोडं कुर्ला यायच्या आत सुटलं पाहिजे, नाही सुटलं तर त्या दिवशीचा चहा माझ्याकडे (बहुतेक वेळा माझ्याकडेच).

पहिला महिना मजेत गेला. आता सप्टेंबर उजाडलाय. उठतो कधी साडेसातला, कधी नऊला. दात घासायच्या आधी फोन. आंघोळ बाराला, परवा तर साडेतीन वाजले. दुपारी दोन तास आडवा, मग रात्री दोनपर्यंत डोळे टक्क. दिवसभर काही केलेलं नसतं तरी अंग मोडून येतं. पासबुक भरून आणायचं पंधरा दिवस ‘उद्या’वर चाललंय. शुगर, बीपी, थायरॉइड सगळं तपासून झालं, ठीक आहे.

गेल्या महिन्यात टाइमटेबल केलं. आपण अकाउंट्सवाले, त्यामुळे स्केलने रेघा मारून, दोन रंगांच्या पेनांनी. ५.३० उठणे, ५.४५ प्राणायाम, ६.१५ चालणे, ७.३० वाचन. फ्रिजवर लावलं. चौथ्या दिवशी सात वाजता जाग आली आणि वरच्या तीन ओळी गेल्या म्हणून अख्खं पान सोडून दिलं. कागद तिथेच आहे, त्यावर आता दुधाचा हिशेब असतो.

चौतीस वर्षं गाडी चुकवली नाही, मग आताच का जमत नाही? आणि रूटीनने मनाला खरंच फरक पडतो, की ही व्हॉट्सअ‍ॅपवरची सकाळची फुलंच?

रात्रपाळी_सिस्टर

फरक पडतो. बावीस वर्षं शिफ्ट ड्यूटी केली आहे, घड्याळ बिघडलं की माणूस कसा चिडका आणि रडका होतो ते माझ्या घरच्यांना विचारा. शरीराच्या पेशींतलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण त्याला किल्ली द्यायची ती सकाळच्या उजेडाने, डोळ्यांवाटे. पावसाळी, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स उजेड असतो, घरात ट्यूबखाली दोन-तीनशे. म्हणजे खिडकीत बसून पेपर वाचलात तरी ते बाहेर जाणं नव्हे.

काका, तुमच्या त्या पानावरची एकच ओळ ठेवा: उठायची वेळ. झोप कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, उठणं असतं. साडेपाच कशाला? साडेसहा चालेल, पण रात्री दोनला झोपलात तरी साडेसहाच. दुपारी पडायचं तर वीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. चारनंतर चहा बंद. पहिला आठवडा डोकं जड राहील, शिव्या मला द्या.

साडेचारचा_गजर

भाऊ, राग मानू नका. तुम्ही चौतीस वर्षं गाडी चुकवली नाहीत, पण तुमच्या घरी साडेचारला कोण उठत होतं? आमच्याकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली की हे आंघोळीला जायचे. हे रिटायर झाल्यावर ‘आता डबा नाही, आराम कर’ म्हणाले, म्हणून मीही शिट्ट्या बंद केल्या. मग दोघंही दिवसभर एकमेकांच्या पायात. माझंही काही वेगळं नव्हतं, फक्त मला कुणी निरोप समारंभ दिला नाही.

शेवटी भाजी आणि मासळी पूर्ण त्यांच्यावर सोडली. पहिल्यांदा आणलेले बोंबील मांजराला घातले. आता कोळीण यांना नावानिशी ओळखते, दोन दिवस गेले नाहीत तर तिसऱ्या दिवशी मलाच विचारते, साहेब बरे आहेत ना? टाइमटेबलचा कागद काही विचारत नाही हो.

खुर्चीपलीकडून

समुपदेशक आहे, मुलुंडला बसते. वरच्या ताईंनी माझं निम्मं काम केलं. आपल्याला वाटतं, मन लागलं की काम करू. उदासीत हा क्रम उलटा लावावा लागतो: आधी ठरलेलं छोटं काम, मन मागून येतं. याच तत्त्वावरची उपचारपद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे.

चौथ्या दिवसाबद्दल: लंडनमध्ये सवयींवर एक अभ्यास झाला होता. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाचा अंदाज थेट २५४ वर गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. पान सोडू नका, ओळ सोडा.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, तर रूटीनवर न थांबता डॉक्टरांना भेटा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

विंडो_सीट_नाही

काका, आठ अकरा हल्ली आठ चौदाला येते. बाकी तुमचा ग्रुप अजून त्याच डब्यात असतो का?

भांडुपचा_अकाउंटंट

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

साडेसहा जमतंय, दोन वेळा चुकलं. साडेचारच्या ताई, तुमचं लिहिलेलं हिला वाचून दाखवलं. ही काही बोलली नाही, फक्त पिठाचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. दळण आता माझ्याकडे.

आणि त्या आठ चौदावाल्याच्या प्रश्नाने स्वस्थ बसवेना, म्हणून एका सोमवारी दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. गाडी थांबते वीस-पंचवीस सेकंद. दारातून आमचा एक जण ओरडला, ‘अहो, दसऱ्याला डबा सजवायचाय, झेंडू कोण आणणार?’ दरवर्षी मीच आणायचो, दादरच्या फुलबाजारातून पहाटे. मी काही बोलायच्या आत दुसऱ्याने घडी घातलेला पेपर हातात कोंबला. शब्दकोड्यात आडवे सात रिकामं होतं. मला घरी पोचेपर्यंत सुटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आता रोज एक तरी चौकोन माझ्यासाठी ठेवतात आणि फोटो पाठवतात, विक्रोळी ओलांडायच्या आत उत्तर गेलं नाही तर शिव्या येतात. म्हणून आठच्या आत आंघोळ उरकलेली असते.

दुपारची झोप अजून वीस मिनिटांत आटपत नाही. काल बँकेत गेलो. पासबुकाचं मशीन बंद होतं. उद्या परत जातो.