मदत हवी आहे : नृत्यस्पर्धेच्या दिवशी लेकीला कसं सांभाळता?

नागपूरकर आईबाबांनो, लेक नऊ वर्षांची, कथ्थक शिकते. आता क्लासच्या ग्रुपसोबत लावणीही बसवली आहे. त्यामुळे शनिवार-रविवार स्पर्धेतच जातात. रिपोर्टिंग सकाळी आठचं, नंबर मात्र दुपारी उशिरा. मेकअप, खोपा, नऊवारी सगळं सकाळीच उरकतात आणि पोर तशीच बसून राहते. जेवत नाही, पाणी पीत नाही, कारण शिवलेली नऊवारी असली तरी बाथरूमला जायचं म्हणजे सगळा सोपस्कार! नाच जेमतेम चार मिनिटांचा, बाप्पा.

मागच्या वेळी पॅनकेकने (स्टेजच्या मेकअपचा जाड थर) गालावर पुरळ आलं. खोबरेल तेलाने मेकअप काढते, तरी डोळ्यांचं काजळ दोन दिवस हटत नाही. लहान मुलांच्या त्वचेला चालेल असं काय वापरता? मेकअप आर्टिस्टला आपलंच सामान वापरायला सांगितलं तर चालतं का?

डब्यात काय देता? पोहे गार होऊन घशात अडकतात.

शिवाय इतवारी-महाल भागात मुलींची शिवलेली नऊवारी भाड्याने कुठे मिळते? दरवेळी विकत घेणं परवडत नाही, आणि क्लासवाले सांगतात तिथे डिपॉझिटच जबर आहे.

बक्षीस नाही मिळालं की घरी येईपर्यंत रडते, त्यावर उपाय असेल तर तोही सांगा.