गुडघाभर गवत आहे तरी गोऱ्हे भरत नाहीत, कुठं चुकतंय?

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी. सहा एकर कुरण आहे, चारी बाजूंनी कुंपण, एका कोपऱ्यात मोठं झाड आणि त्याच्याच बुडाला पाण्याचा हौद. त्यात सात खच्ची केलेले गोऱ्हे सोडलेत, वय वर्ष-सव्वा वर्ष. मांसासाठी वाढवतोय, पेंड वगैरे काही नाही, सगळा भरवसा गवतावर. गवत म्हणाल तर काही ठिकाणी गुडघ्याला लागतंय, म्हणजे उपाशी आहेत असं कोणी म्हणणार नाही. पण दोन महिने झाले, बघायला गेलं की तसेच्या तसे, पोट मोठं आणि पाठ सपाट. वजनकाटा नाही माझ्याकडे. मुलीने एकाचं नाव ढब्बू ठेवलंय आणि तो पण ढब्बू होईना. वेळ लागतोच का एवढा, की माझंच काही चुकतंय?

बांधावरचा:
आधी टेप आणा हो, डोळ्यावर जाऊ नका, रोज बघणाऱ्याला जनावर वाढलेलं कधीच दिसत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या हाडापासून माकडहाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10840, आलं किलोत वजन. अंदाजच असतो पण दर वेळी सकाळी पाणी पाजायच्या आधी मोजलंत तर फरक बरोबर कळतो. मोजून इथे टाका मग बोलू.

डोंगरवाट:
गंमत म्हणजे घेर आणि लांबी लिहिलेली सापडली, दोन महिन्यांपूर्वी मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी ढब्बूला मोजलं होतं. तेव्हा घेर 147, लांबी 129. आज 150 आणि 130. गणित केलं तर 257 वरून 270. म्हणजे साठ दिवसांत 13 किलो??

बांधावरचा:
म्हणजे दिवसाला सव्वादोनशे ग्रॅमच्या आतच. चांगल्या कुरणावर ह्या वयाचा गोऱ्हा अर्धा ते पाऊण किलो सहज धरतो. तेव्हा तुमची शंका खरी आहे.

आता गवताचं. सात जनावरं, प्रत्येकी साधारण 270 किलो. जनावर दिवसाला वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा खातं, म्हणजे पावणेसात किलो, आणि हिरव्या गवतात पाचातले चार भाग पाणीच असतं म्हणून हिरवं धरलं तर एकाला 33-34 किलो. सातांचं झालं अडीचशेच्या जवळ. सहा एकरात गवत वाढतंय तोवर एवढं निघायला हरकत नाही, म्हणून तुम्हाला कुरण भरलेलं दिसतंय. पण तुम्ही ज्याला गुडघाभर गवत म्हणताय ना, ते त्यांनी नाकारलेलं गवत आहे. कोवळं तेवढं वेचून खाल्लं, दोन-चार दिवसांत त्याला पुन्हा फुटवा आला की परत तेच खाल्लं, आणि बाकीचं सोडलं ते ताठलं, फुलोऱ्यावर आलं. ताठलेल्या गवतात प्रथिनं कमी आणि काड्या जास्त, ते पोटात जास्त दिवस पडून राहतं, मग जनावर खातंही कमी. पोट मोठं आणि पाठ सपाट, दुसरं काय होणार. उद्या कुरणात उकिडवे बसून बघा, एका हातावर जमिनीसरपट खाल्लेले चट्टे आणि दुसऱ्या हातावर झुडूप झालेलं गवत दिसेल.

गाईला वर पुढचे दात नसतात, ती जिभेने वेटोळं घालून ओढते, त्यामुळे चट्ट्यांवर अगदी आखूड गवत असलं की दिवसभर तोंड चालवूनही पोट भरत नाही. ह्यावर उपाय म्हणजे कुरणाचे तुकडे करा. फ्रान्समधला आंद्रे व्वाझँ, हा बायोकेमिस्ट्रीचा माणूस आणि स्वतः शेतकरी, 1950 च्या दशकातच सांगून गेलाय की एका तुकड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त जनावर ठेवू नका, नाहीतर ते नवा फुटवा खातं आणि गवताची मुळं उपाशी मरतात. हिशोब सोपा आहे, गवताला तीस दिवस विश्रांती द्यायची आणि तीन दिवस चरायचं तर तीस भागिले तीन अधिक एक, अकरा तुकडे, तुमचे अर्ध्या एकराहून थोडे मोठे होतील. वाढ मंदावली की तीसचे पन्नास-साठ दिवस करा, तारखेला चिकटून राहू नका, गवत बघा. आणि खाली चार बोटं गवत तरी ठेवून जनावरं उठवा.

शेणातला_किडा:
थांबा थांबा, तुकडे करायच्या आधी शेण बघा. नावाला जागून सांगतोय 😄 पो पसरट पडून मध्ये खळगा पडला तर ठीक. उंच, कडक, थर-थर रचल्यासारखा असेल तर चाऱ्यात प्रथिनं कमी आहेत. पातळ आणि शेपूट बरबटलेलं, केस राठ, जबड्याखाली पाणी साठल्यासारखं, तर जंत. वर्षा-दीड वर्षाच्या जनावरांत जंतांचा त्रास मोठ्या गाईंपेक्षा जास्त, त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते. जंतांच्या अळ्या शेणातून गवतावर चढतात पण बहुतेक बुडाशीच राहतात, म्हणून जमिनीसरपट चरणारं जनावर अळ्याही जास्त खातं. ती चार बोटं ठेवायची गोष्ट ह्याच्यासाठी पण कामाची.

पण सरसकट सगळ्यांना औषध पाजू नका हं. आधी शेणाची तपासणी करा, अंडी मोजतात लॅबमध्ये, डॉक्टर सांगतील. ऊठसूट औषध दिलं की जंतच त्याला दाद देईनासे होतात, आणि आयव्हरमेक्टिनसारखी औषधं शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्या मारतात. किडे गेले की पो महिनोन्‌महिने तसाच वाळत पडतो आणि त्याच्या भोवतीच्या गवताला गुरं तोंड लावत नाहीत. तेवढी जागा फुकट.

हौदवाली:
हौद झाडाखाली आहे हे वाचूनच मला उत्तर मिळालं. सगळं शेण तिथेच पडत असणार ना? माझ्याकडे सेम होतं. अख्ख्या रानाचं खत एका झाडाखाली आणि लांबचा कोपरा पिवळा. गुरांना पाणी लांब पडलं की सगळी एकदम जातात, पितात आणि तिथेच रवंथ करत बसतात, लांब चरायला परत येतच नाहीत. जवळ असलं की एकेक जाऊन पिऊन येतं. पाणी तुकड्यात न्या, कुंपणाच्या कडेने पाईप टाकला आणि हलकं टाकं ओढत नेलं तरी पुरे.

डोंगरवाट:
आत्ताच बघून आलो. ताई, अगदी अगदी. झाडाखाली घोटाभर शेण आणि वरच्या कोपऱ्यात एक पो सापडला शोधून. आणि शेण उंच रचलेलं आहे, पातळ नाही. अकरा कुंपणं घालायची ताकद नाही हो माझी पण.

तारवाला:
अकरा कुठं, झटका मशीन घ्या, म्हणजे तारेत विजेचा झटका सोडणारं, आणि तार दोन. एक पुढे एक मागे, सरकवत न्यायच्या. तार गोऱ्ह्याच्या नाकाच्या उंचीला, पाऊण मीटरच्या आसपास. अर्थिंगमध्ये कंजूषी करू नका, लोक मशीन भारी घेतात आणि अर्थिंगला एक फुटका गज ठोकतात, कोरड्या जमिनीत झटका बसतच नाही. आधी दोन दिवस लहान वाड्यात तार दाखवा, नाक लावून बघतीलच, एकदा बसला की आयुष्यभराचं शिक्षण. न शिकवता रानात लावली तर घाबरून पुढेच पळतात, तार घेऊन.

कालवडीची_आई:
तुकडे कराल तेव्हा एक माझ्या चुकीतून सांगते. लसूणघास मिसळलेला एक हिरवागार तुकडा होता, सकाळी दव असताना भुकेल्या कालवडी आत सोडल्या आणि चहा प्यायला गेले. तासाभरात एकीची डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, ढोलासारखी फुगलेली, जीभ बाहेर, पाय फाकवून उभी. डॉक्टरांना फोन लावला, ते येईपर्यंत त्यांनी सांगितलं तसं खायचं तेल हळूहळू पाजलं, डोकं जास्त वर न करता, नाहीतर फुप्फुसात जातं. वाचली. तेव्हापासून लसूणघासासारखं द्विदल असलेल्या तुकड्यात आधी वाळलं गवत खाऊ घालून, दव गेल्यावर, दुपारीच सोडते आणि पहिला तासभर तिथून हलत नाही. चहा तिकडेच मागवते.

डोंगरवाट:
बारा दिवस झाले म्हणून अपडेट. चार तुकडे केलेत सध्या, अकराच्या मानाने गरिबीच. शेणाची तपासणी केली, अंडी कमी आहेत म्हणून औषध थांबवलं. पो आता पसरट पडतोय. वजन इतक्यात मोजत नाही. गंमत म्हणजे तार उचलायला गेलो की सातही जण रांगेत उभे, ढब्बू सगळ्यात पुढे. पण जुना तुकडा ताठलेला तसाच आहे, त्याचं काय करू, कापून टाकू का?

बांधावरचा:
कापा, पण मुळापासून नाही, वीतभर ठेवून. कापलेलं तिथेच पडू द्या. आणि चारचे सहा करा तोवर, तार आहेच ना तुमच्याकडे.