मदत हवी आहे: अर्थशास्त्रात बी.ए. करून पुढे काय?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला बारावीनंतर अर्थशास्त्रच घ्यायचंय. बाबा इथे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत. ही वहीत रोजची आवक आणि दर उतरवून ठेवते, आवक वाढूनही दर का टिकला म्हणून त्यांना भंडावून सोडते. आवड खरी आहे, म्हणूनच जिवाला घोर लागलाय.

इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या (केंद्र सरकारच्या अर्थतज्ज्ञांच्या सेवेच्या) परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे एम.ए. धरूनच चालायचं. मग पदवी इथेच शिवाजी विद्यापीठातून घ्यावी, की पुण्याला गोखले संस्थेत अर्थशास्त्राच्या बी.एस्सी.ला पाठवावं? तिकडचा खर्च आम्हाला जड जाईल. इथे राहिली तर गणित आणि संख्याशास्त्र सोबत कसं पक्कं करावं? बँकेच्या परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात. त्यापलीकडे नुसत्या बी.ए.वर काय मिळतं? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.